मराठी साहित्यातील कामगार : साच्याजवळ आणि साच्यापासून दूर

मराठी साहित्यात कामगार पुष्कळ आहे. त्याचे काम मात्र शोधावे लागते. तो चाळीत भेटतो, मोर्चात भेटतो, खानावळीत आणि गुत्त्यात भेटतो, गावाकडून आलेल्या पत्रात भेटतो. संपात उपाशी राहिलेला आणि संपानंतर उद्ध्वस्त झालेला तर फारच भेटतो. परंतु भोंगा वाजून तो गिरणीच्या दरवाजातून आत गेला की आपला लेखक बहुधा बाहेरच थांबतो आणि पाळी सुटल्यावर त्याला पुन्हा गाठतो. मधले नऊ-दहा तास गेले कुठे, असा प्रश्न आम्ही या लेखात विचारीत आहोत. तो केवळ वाङ्मयीन प्रश्न आहे असे आम्हांला वाटत नाही.

हा प्रश्न आमच्या मनात मूळ धरू लागला तो लोणी काळभोरच्या परिसरात. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हवेली तालुक्यातील हे गाव एकेकाळी कालव्याचे पाणी, ऊस आणि गुऱ्हाळे यांसाठी ओळखले जाई. आज तेथे इंधनसाठ्याचे डेपो आहेत. मुंबईहून नळवाहिनीने आलेले इंधन तेथून टँकरांनी चहूकडे जाते. कपॅसिटरसारखे विद्युत-घटक बनविणारा फिलिप्सचा कारखाना येथे होता. १९९९ मध्ये तो विभाग ‘बीसी कंपोनंट्स’ या नावाने निराळा झाला आणि २००२ च्या अखेरीस ‘विशे’ या अमेरिकन कंपनीकडे गेला. एकाच दारावर तीन पाट्या बदलल्या. शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना होता. त्याची धुराडी २०११ पासून थंड आहेत. या पट्ट्यातील कुटुंबांत धर्मगुरू म्हणून आमचे जाणे-येणे आहे. रविवारच्या पवित्र मिस्साला कोण येणार आणि कोण नाही, हे आठवड्याच्या पाळीवर ठरते. मराठीतील कामगारसाहित्य ही आमची जुनी आवड. पण या घरांतील माणसांचा दिवस त्या साहित्याच्या कोणत्या पानावर सापडेल, असे पाहू गेल्यावर ते पान काही सापडेना.

अर्थात परंपरा घडली ती मुंबईच्या गिरणगावात. तेव्हा आधी तिकडे जाणे भाग आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीसाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. (१८५४ हेच डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’चेही वर्ष. धुराने काळवंडलेले कारखानदारीचे गाव इंग्रजी वाचक पाहत होता, तेव्हा आपल्याकडे पहिल्या धुराड्याची आखणी चालली होती.) गिरण्या वाढत गेल्या, मराठी लेखणीला मात्र त्यांच्याकडे वळून पाहण्यास बराच काळ लागला. केशवसुतांनी ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता लिहिली, हे त्यांचे द्रष्टेपण खरेच. पण तीत, शीर्षकच सांगते त्याप्रमाणे, काम नसलेला मजूर आहे. श्रमाचा पहिला मोठा कवी श्रमिकाला त्याचे काम सुटल्यावर पाहतो, ही आम्हांला पुढच्या शतकाची नांदीच वाटते.

कामाचे पहिले चित्र आम्हांला सापडते ते कवितेत वा कथेत नाही. एका अर्जात सापडते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या पाहाव्यात. आठवड्यातून रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. यंत्रात अपघात झाला तर भरपाई मिळावी. या पाच वाक्यांत विशेषण नाही, उपमा नाही, आक्रोश नाही. पण प्रत्येक वाक्य उलटे करून वाचावे. दुपारी अर्ध्या तासाची मागणी आहे, याचा अर्थ माणूस चालत्या यंत्रापाशी उभ्याने भाकर खात होता. सूर्यास्ताची मर्यादा मागितली आहे, याचा अर्थ सूर्य हेच घड्याळ होते आणि उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही मोठे होत होते. वर्णनाची हातोटी असलेल्या कित्येक लेखकांना पुढे जे साधले नाही, ते या अर्जाला साधले, कारण तो लिहविणारी माणसे आतली होती. ‘दीनबंधु’ पत्राच्या संपादकाला लेखक म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासांनी कितपत जागा दिली आहे, ते ज्याने त्याने उघडून पाहावे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगार बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र निघाले. त्यातही विश्रांतीच्या दिवसाचा आग्रह आहे. आपल्यापैकी अनेकांना रविवार ही ख्रिस्ती जगाने हिंदुस्थानाला दिलेली देणगी वाटते. लोखंड्यांच्या चळवळीत मात्र तो खंडोबाचा वार होता. प्रभूचा दिवस आणि खंडोबाचा दिवस एकाच वारी यावा आणि दोघांच्याही भक्तांना तो मागून घ्यावा लागावा, यावर एखादी चांगली कथा व्हायला हवी होती.

कादंबरीकडे येऊ. मामा वरेरकरांनी १९३० च्या आसपास ‘धावता धोटा’ ही कादंबरी आणि ‘सोन्याचा कळस’ हे नाटक लिहून गिरणीचा विषय मध्यमवर्गीय वाचकाच्या दिवाणखान्यात आणला. ही कामगिरी लहान नाही. पण ‘धोटा’ हा शब्द शीर्षकात घेतल्यावर धोट्याशी माणसाचा जो संबंध येतो, तो आपल्या ललित लेखनाने कितीसा दाखविला? येथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण आमचे सारे म्हणणे या एका वस्तूत मावते.

धोटा म्हणजे मागावर आडव्या सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावणारे लाकडी साधन. कांडी संपली की साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, धोट्यात नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढी. दिवसभरात हे किती वेळा होई याची गणती नाही. प्रत्येक वेळी ओठ लाकडाला लागत, सुतावरची धूळ आत जाई आणि थुंकी धोट्याला लागे. एकाच साच्यावर पाळीपाळीने माणसे बदलत, म्हणून एकाचे उष्टे दुसऱ्याच्या तोंडी येई. नेमके याच कारणाने मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात उभे राहू दिले जात नसे. ते खाते अधिक मजुरीचे होते. त्यांच्या वाट्याला सूतकताईचे, कमी पैशाचे त्रासनखाते येई. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी पुढे रेटली, तेव्हा कामगार-एकजुटीच्या नेत्यांनाही ती गिळणे जड गेले.

म्हणजे पाहा. कामगाराला केवळ ‘शोषित’ म्हटले की ही गोष्ट दिसत नाही. ‘सारे कामगार एक’ असा घोष केला तर ती झाकून जाते. ती दिसते फक्त त्याला, जो साच्यापाशी उभा राहून माणसाचे ओठ कुठे टेकतात ते पाहील. कामाच्या तपशिलात जात आहे, मजुरी आहे आणि छातीचे आजारही आहेत. तो तपशील वगळणारे साहित्य कितीही कळवळ्याचे असो, त्याच्या हातून सत्यच निसटते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचे मोठेपण आम्हांला यातच वाटते. रेल्वे-कामगारांच्या दुनियेत जात लपवून वावरणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. एका छपराखाली राबणाऱ्यांची एकी किती ठिसूळ असते, हे बागुलांनी ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही. त्यांनी स्वतः रेल्वेच्या कारखान्यात दिवस काढले होते.

नारायण सुर्वे यांच्याविषयी लिहिताना हात आखडतो, कारण त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत. गिरणीकामगाराने उचलून वाढविलेले ते मूल, स्वतः गिरणीत राबलेले, पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) यांनी मराठी कवितेची भाषाच रस्त्यावर आणली. कामगार हा दयेचा विषय नसून बोलणारा, प्रश्न विचारणारा, इतिहासात आपला वाटा मागणारा माणूस आहे, हे त्यांच्याआधी कोणी एवढ्या सहजतेने म्हटले नव्हते. तरीही त्यांचे विद्यापीठ म्हणजे मुख्यतः रस्ता आहे, चाळ आहे, सभा आहे. यंत्र तेथे पार्श्वसंगीतासारखे वाजत असते. यात दोष कोणाचा? कदाचित कोणाचाच नसेल. दहा तास त्या गदारोळात काढून बाहेर पडलेल्या माणसाने कवितेतही पुन्हा तेथेच का जावे? सुर्व्यांना बाहेरचे आकाश हवे होते आणि ते घेण्याचा त्यांना अधिकार होता. आमची तक्रार त्यांच्यामागून आलेल्या अनुकरणकारांविषयी आहे. त्यांनी सुर्व्यांकडून मूठ वळणे तेवढे घेतले. त्या मुठीवरचे घट्टे कोणत्या कामाचे आहेत, हे पाहिले नाही. मर्ढेकरांकडून आलेल्यांनी यंत्र घेतले, पण ते रूपक म्हणून. नवकवितेत दातेरी चाके भरपूर फिरतात. त्यांना तेल घालणारा कोणी दिसत नाही.

स्त्री-कामगाराची उपेक्षा तर याहून मोठी. गिरण्यांच्या कांड्या भरण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्यांची संख्या घटत गेली. रात्रपाळीला त्यांना बंदी होती. १९२९ च्या प्रसूती-लाभ कायद्यानंतर मालकांना त्या महाग वाटू लागल्या. नव्या यंत्रांनी पहिली गदा आणली ती त्यांच्याच खात्यांवर. ही सारी वळणे कादंबरीला पुरून उरतील अशी आहेत. उषाताई डांगे यांचे ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मचरित्र सोडले तर ती मराठी गद्यात कुठे ठळकपणे उमटली? साहित्यातली बाई चाळीत वाट पाहते किंवा गावाकडे. तिची स्वतःची पाळी कधी भरतच नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्या राखेतून आलेली सर्वांत चांगली कलाकृती म्हणजे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७). एका खोलीत, एका कुटुंबात, संपाने केलेली पडझड पवारांनी ज्या संयमाने दाखविली, त्याला तोड नाही. गिरणी रंगमंचावर येत नाही, हे तेथे अगदी योग्य आहे. ती बंद आहे आणि तिची अनुपस्थिती हाच नाटकाचा विषय आहे. परंतु त्यानंतर हळूहळू गिरणगाव म्हणजे हरवलेल्या चाळसंस्कृतीचा गहिवर, असे समीकरण बनले. भजनी मंडळे, गणेशोत्सव, दशावतार यांची हुरहूर लावणारे लेखन दिवाळी अंकांतून वाहू लागले. कापसाच्या तुसाने धरणारी छाती त्या हुरहुरीत कुठेच नसते. या आजाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची एक चमत्कारिक खूण आहे: आठवड्याची सुटी घेऊन माणूस परत कामावर गेला की त्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत अधिक आवळते. लोखंड्यांनी मिळविलेल्या रविवारी मोकळी झालेली छाती सोमवारी किंमत मोजी. गहिवरावर पोसलेल्या लेखनापेक्षा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा गिरणगावच्या तोंडी आठवणींचा ग्रंथ (२००४) आम्ही म्हणूनच वरचा मानतो. तेथे माणूस बोलू लागला की आधी आपले खाते सांगतो.

येथे ख्रिस्ती वाचकांसाठी एक अवांतर. ‘सिंहासन’ (१९७९) या गाजलेल्या चित्रपटातील कामगार पुढाऱ्याचे नाव डिकास्टा आहे. मराठी कलाकृतीत कामगारांशी नाते असलेला आपल्या समाजाचा माणूस आठवायचा म्हटले तर हा एवढाच चटकन आठवतो, आणि तोही पुढारी. आपल्या समाजातील टर्नर, फिटर, वेल्डर आणि परिचारिका गेल्या कुठे? त्याचे उत्तर बाहेरच्यांकडे मागण्यात अर्थ नाही. बाराव्या पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून दिला. तेव्हापासून आपल्या अंकांत दरवर्षी योसेफावर कविता येतात. त्यांत रंधा असतो, भुसा असतो, बालयेशूची मदत असते आणि एक मऊ उजेड असतो. बोटात गेलेली कुसळ आम्ही त्यांत कधी वाचली नाही. गिऱ्हाइकाने थकविलेले पैसेही नाहीत. दुसरे जॉन पॉल यांच्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ (१९८१) या विश्वपत्राचे सांगणे असे की, कामाचे मोल ते करणाऱ्या व्यक्तीमुळे ठरते. आपण त्यातून ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द तेवढा उचलला आणि व्यासपीठावर ठेवला. श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्याने श्रम निदान पाहिलेला असावा. सिमॉन वेल ही तत्त्वज्ञानाची शिक्षिका डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या कारखान्यात कामाला लागली ती याच बुद्धीने. पुढच्या ऑगस्टपर्यंत ती निरनिराळ्या यंत्रांवर राबली. तिच्या रोजनिशीत नग, मिनिटे आणि कापलेली मजुरी यांचे आकडे आहेत. तिचे चिंतन त्या आकड्यांतून वर येते. म्हणूनच ते पोकळ वाटत नाही.

आता पुन्हा लोणीकडे. थेऊरचा कारखाना चालू असताना ऊसतोडीच्या टोळ्या येत. साखर कारखानदारीत तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे, हिशेबात एक नग, आणि तोही माणसाचा नव्हे, हत्याराचा. या एका शब्दात एक अख्खे दीर्घकाव्य दडलेले आहे. विद्युत-घटकांच्या कामाला तर अजून मराठी शब्दच मिळालेला नाही. साचा, कांडी, बदली, भोंगा, जॉबर अशी शब्दसंपत्ती गिरणीने दिली. लेखकांनी ती पुरती वापरली नाही तरी ती लोकांच्या तोंडी होती. नखाएवढ्या कपॅसिटरचे काम बसून, न बोलता, डोळ्यांनी करायचे असते. त्याला गदारोळ नाही, धूर नाही, भोंगा नाही. कंत्राटदार बदलला की ओळखपत्र बदलते, तेव्हा ‘आमची गिरणी’ असे म्हणण्याची सोयही उरत नाही. ज्याला आपले ठिकाणच नाही, त्याच्यावर स्मरणरंजनसुद्धा कोणी लिहिणार नाही.

हे सारे आज म्हणण्याचे कारण आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला. १९२२ मध्ये तो अकरा तासांवर, १९३४ मध्ये दहावर आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नऊवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच मर्यादा ठेवली. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे त्यासोबत सांगण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिताही लागू झाल्या. यावर अर्थशास्त्री बोलले, संघटना बोलल्या. कायद्याच्या गुणदोषांचा निवाडा हे आमचे क्षेत्र नाही. आमच्या लक्षात आले ते एवढेच की, सुशिक्षित मराठी माणसाला या बातमीने फारसे काही जाणवले नाही. दहावा तास म्हणजे काय, अकरावा म्हणजे काय, हे त्याच्या कल्पनाशक्तीला कोणी दाखविलेलेच नव्हते. विधवेचे दुःख त्याला कादंबरीने शिकविले, दलिताचे दुःख आत्मकथनांनी शिकविले. कामाच्या तासाचे दुःख शिकविणारे पुस्तक त्याच्या कपाटात नव्हते.

गेल्या १ मे रोजी आम्ही या परिसरातील तरुणांकडून भित्तिपत्रकासाठी लेखन मागविले होते. अकरा कविता आल्या आणि एक गद्य मजकूर. कवितांत घाम होता, मशाल होती, योसेफाचा रंधाही होता. गद्य लिहिणारी मुलगी एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम करते. तिने दोन पानांत आपली एक पाळी तासांप्रमाणे लिहिली आहे. पहिल्या तासाला बोटे थंड असतात. तिसऱ्याला शेजारणीशी डोळ्यांनी बोलता येते. डबा वीस मिनिटांत संपतो आणि उरलेली दहा मिनिटे रांगेत जातात. आठव्या तासानंतर तिच्या मजकुरातली वाक्ये तोकडी होत जातात. ते तिने मुद्दाम केले असेल असे वाटत नाही. व्याकरण ठीकठाक, शैली म्हणावी असे काही नाही, आणि शेवटचा संत योसेफावरचा परिच्छेद उघडच आमच्यासाठी जोडलेला आहे. तो आम्ही तिच्या संमतीने गाळला. उरलेला मजकूर भित्तिपत्रकावर लावला तेव्हा कवितांपुढे फारसे कोणी थांबले नाही. त्या दोन पानांपुढे मात्र पाळीवरून आलेल्या बायका उभ्या राहून वाचत होत्या, आणि एकीने पेन मागून घेऊन सहाव्या तासापुढे समासात आपल्या खात्यातली एक दुरुस्ती लिहिली.